पत्र्याच्या दारावरच्या फुल्या

पेन घ्यायला बाजारात गेलो आणि चष्मा घरी विसरलो. खिशात चष्म्याचं घर होतं, ते मी दुकानासमोर ऐटीत उघडलंसुद्धा. आत काही नव्हतं. एवढीशी चूक. त्या दिवशी मला तिचं हसू आलं होतं.

मी हिंगोलीतल्या एका शाळेत कारकून आहे, घर जवळच नरसीला. तीस वर्षं लिहिण्याचीच भाकरी खातोय आणि तीस वर्षं एका स्वस्त, भरवशाच्या पेनाच्या शोधात आहे. महागाचं पेन मला लाभत नाही. कुणीतरी सहीपुरतं मागून घेतं आणि सहीबरोबरच नेतं. स्वस्तातलं एक तर खिशात गळतं, नाही तर ऐन वेळी रुसतं. आमच्या टीव्हीशेजारच्या बरणीत अशी रुसलेली चाळीस-पन्नास पेनं उभी आहेत. "लोक मांजरं पाळतात, तुमी रिफिली पाळून राहिले," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

पण त्या दिवशीचं पेन आईसाठी हवं होतं.

आईच्या हृदयाची झडप नांदेडला बदलली होती. तेव्हापासून तिला रोज सकाळी रक्त पातळ करायची गोळी, एक दिवस अर्धी आणि एक दिवस पूर्ण. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी होते. जास्त झाली तर आतल्या आत रक्त सुटतं, आणि बाहेरून लवकर कळत नाही." हे शेवटचं वाक्य नरसीला घरी येईपर्यंत बसमध्ये माझ्या शेजारी बसून आलं.

आईला अक्षर येत नाही. मग मी माझं कारकुनी डोकं चालवलं. छोट्या कागदांचं एक पॅड शिवलं. टेबलावर बसून साध्या बॉलपेनाने प्रत्येक पानावर तारीख घातली आणि चंद्र काढला. अर्धा चंद्र म्हणजे अर्धी गोळी, पूर्ण चंद्र म्हणजे पूर्ण. गोळी घेतली की आईने चंद्रावर फुली मारायची. संध्याकाळी मी फुली बघायची, पान फाडायचं आणि फाइलला लावायचं. स्वयंपाकघराचं मागचं दार पत्र्याचं आहे. आई उठल्यावर पहिलं तेच उघडते, म्हणून पॅड त्याच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकवलं.

आणि तिथेच पेनं रुसायला लागली. उभ्या दारावर आडवं धरलेलं बॉलपेन एका रेघेत कोरडं पडायचं. आई दाबून ओढायची आणि कागद फाटायचा. स्केचपेनाचं टोपण ती लावायची नाही, ते दोन दिवसांत वाळलं. "तुझ्या पेनाचं रक्त लई घट्ट झालं रे बाबा," ती म्हणायची. "त्याला बी एक गोळी दे."

बाजारात सुया, दोरे, बटणं विकणाऱ्या एका गाड्यावर पेलाभर काळी पेनं दिसली. मी त्याच्या पुठ्ठ्यावर, हात उभा धरून, रेघ ओढली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. दाबावं लागलं नाही, तुटलं नाही. वेष्टनावर बारीक काहीतरी छापलेलं होतं, पण चष्मा नव्हता. गाडीवाला म्हणाला, "साहब, ये कपडे का है. इस्तरी..." मी त्याचं बोलणं मध्येच तोडलं. "भाई, कपडे पे कौन लिखता है? आधा डझन दे." पेनाच्या बाबतीत कुणी मला शिकवावं, हे मला खपत नाही. त्याने सहा पेनं मोजून दिली.

घरी आल्यावर मी पेन सुतळीने पॅडजवळ टांगलं. आईने सुळकन फुली मारली आणि खूश झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला हवं तसं पेन मिळालं होतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी, चैत्र तापायला लागला होता तेव्हा, मी संध्याकाळी शाळेतून आलो आणि पान बघितलं. पूर्ण चंद्र, फुली नाही.

"माय, आज गोळी न्हाई घेतली?"

"घेतली की."

"मग फुली कुठंय?"

ती दारापाशी आली. चंद्रावरून बोट फिरवलं. "मारली व्हती की रे."

"मारली असती तर दिसली असती ना?"

मी माझ्या हाताने गोळी काढली, तिच्या तळहातावर ठेवली, पाणी दिलं. तिने मुकाट्याने गिळली. पानाच्या मागे मी साध्या पेनाने लिहिलं, 'विसरली', आणि पान फाइलला लावलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ होतं. फुली जागेवर होती. त्यानंतर दोन दिवस नव्हती. मग एक दिवस होती. त्यामुळेच माझा विश्वास बसत गेला. माणूस विसरायला लागतं तेव्हा असंच होतं ना, एखाद्या दिवशी आठवतं, एखाद्या दिवशी नाही. मी शाळेत बसून मोबाइलवर म्हातारपणीच्या विसराळूपणाबद्दल वाचायचो.

एकदा आईने पदराची गाठ पुढे केली. "हे बघ. गोळी घेतली की गाठ मारली मी."

"ती कालची असंल माय," मी म्हणालो. आणि ती गाठ मीच सोडली. सोडल्यावर तिने पदर दोन्ही हातांनी सारखा केला, वर बघितलं नाही. मग गोळी घेतली.

हळूहळू ती वाद घालेनाशी झाली. संध्याकाळी मी दाराकडे गेलो की ती आधीच हात पुढे करून बसायची. एक दिवस बायकोने सांगितलं, आत्याबाई (आईला ती असंच म्हणते) गॅस पेटवायला तयार नाहीत. म्हणतात, पेटवून विसरले तर लेकरं जळतील.

बायकोला काहीतरी खटकत होतं. "गोळ्यांची पट्टी लवकर कशी संपली?"

"दुकानदाराने कमी दिली असेल."

"आणली तेव्हा पट्टी फोडलेली नव्हती. त्या सकाळी घेत न्हाईत, तुमी संध्याकाळी देता, मग दिवसाला एका वेळचीच जायला पाहिजे. जास्त काहून गेल्या?"

"पडल्या असतील कुठे तरी. आता तिच्या हातून काय काय पडतंय, बघतेस ना."

बायकोने रिकामी पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि ती आत गेली. तिचं असं निघून जाणं मला बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं, पण त्या आठवड्यात मी बहिरा होतो.

मग आईच्या दंडावर डाग दिसला, पिकल्या जांभळासारखा. "दाराला लागलं," ती म्हणाली. दोन दिवसांनी पोटरीवर एक, मनगटावर एक. मनगटावरचा मी पाणी देताना बघितला. त्याच्याकडे बघत बघतच मी तिच्या तळहातावर गोळी ठेवली.

रविवारी सकाळी आईने चूळ भरली, ती लाल होती. तिने ती पायाने मातीत मिसळली. मी खिडकीतून बघितलं. विचारलं तर म्हणाली, "पान खाल्लं." तिने जन्मात पान खाल्लेलं नाही.

तिला दवाखान्यात न्यायला मी बूट शोधत होतो तेवढ्यात आतून बायकोने हाक मारली. "अहो, इकडं या. लवकर."

ती माझा शर्ट इस्त्री करत होती. त्या काळ्या पेनांतलं एक मी स्वतःही वापरायचो. त्याची खिशावर पडलेली रेघ लागोपाठ दोनदा धुऊनही गेली नव्हती आणि त्यावरून मी बोलणी खाल्ली होती. ती म्हणाली, "बघा." इस्त्री रेघेवरून गेली. उचलली तेव्हा रेघ नव्हती. डाग नाही, ओलसरपणा नाही, काही नाही.

तिने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्याच पेनाने फुली मारली. इस्त्री टेकवली, उचलली. कडा कोरी.

आम्ही दोघांनीही मागच्या दाराकडे बघितलं. ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं. उघडून भिंतीला टेकवलं की त्याची आतली बाजू पश्चिमेला येते. दुपारी चार वाजता त्या पत्र्याला हात लावून बघा, लावलेला हात तुम्ही आपोआप मागे घ्याल. आईची प्रत्येक फुली रोज दुपारी तिथे तापत पडलेली असायची. आणि संध्याकाळी मी शहाणा यायचो.

जीप करून नांदेडला गेलो. रस्ताभर आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती आणि मी दर दोन मिनिटांनी तिला काहीतरी विचारत होतो, ती बोलते की नाही हे बघायला. "किती बोलून राहिला," ती म्हणाली, "झोपू दे की." मला ती झोपायला नको होती.

रक्त नको तितकं पातळ झालेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार-पाच दिवस गेले असते तर मी तुम्हाला काही सांगू शकलो नसतो. इंजेक्शन दिलं, गोळी तात्पुरती थांबवली. चौथ्या दिवशी आई घरी आली. हिरड्यांतलं रक्त थांबलं, डाग पिवळे पडत गेले.

पण गॅस पेटवायला ती तयार होईना. मी पेनाची गोष्ट तिला दोनदा सांगितली. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "असंल. पण इसरले बी असंन मी. तू उगा कशाला म्हणशील?"

मी गाडीवाल्याकडे गेलो, चष्मा लावून. तो म्हणाला, "वही तो बोल रहा था साहब. टेलर लोग निशान करते, इस्तरी से जाता. बर्फ में रखो, वापस आता."

फाइलमधली 'विसरली' लिहिलेली सहा पानं काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सकाळी बायकोने पिशवी बाहेर काढली आणि पानं ओट्यावर मांडली. सहाही चंद्रांवर फुल्या होत्या. थोड्या फिकट, पण हात आईचाच, एक पाय लांब आणि एक आखूड. ती एकही दिवस विसरली नव्हती.

बायकोने पानं गोळा केली आणि माझ्या हातात दिली. गार लागली.

"मागचं तुमचं अक्षर त्यांना वाचता येत न्हाई, तेवढं बरं हाय," ती म्हणाली. "जा, चंद्राची बाजू वर धरून न्या. आणि आत गेल्यावर काही समजावून सांगू नका. आधी चहा मागा त्यांना, त्यांच्या हातचा."