तव्यावरचा वास

मी वीज खात्याच्या चोरी पकडणाऱ्या पथकात आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या गावागावांत फिरायचं, तारेवर टाकलेले आकडे शोधायचे, मीटरचं सील फोडलंय का बघायचं. हे वीस वर्षं केलं की माणूस बिघडतो. कुणी दारातच "या साहेब, चहा घ्या" म्हणालं की माझी नजर आधी मीटरकडे जाते. लग्नाला गेलो तरी नवरी-नवरदेव राहिले बाजूला, मांडवातली लाईट कुठून घेतलीय ते मी बघतो. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे जन्मभराची झडती. तिचं काही चुकत नाही.

त्यामुळे वडिलांनी एका दिवसात बिडी सोडली, हे मला पटणं शक्यच नव्हतं.

चाळीस वर्षं ओढत होते. मग डाव्या पायाच्या बोटाला जखम झाली, ती भरेना, बोट काळं पडलं. नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, बिडीनं पायातल्या रक्तवाहिन्या आवळल्यात. बोट काढावं लागलं. "उरलेला पाय ठेवायचा असेल तर बिडी बंद. एकसुद्धा चालणार नाही." वडिलांनी उशीखालून बंडल आणि काडेपेटी काढली, माझ्या हातात दिली आणि कूस बदलून झोपले. मी विचारलं, "बाबा, जमंल का?" तर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "सोडली म्हंजे सोडली. त्यात काय सांगायचं?"

माय पायथ्याशी उभी होती. तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "तुमी बिडी सोडली तं मी बी मिसरी सोडते." मिसरी म्हणजे तंबाखू भाजून केलेली काळी पूड. ती लग्नाआधीपासून दिवसातून चार वेळा बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासायची. पुढं नरसीला दर्शनाला गेलो तेव्हा देवासमोरही तिनं तेच म्हटलं. मी लक्ष दिलं नाही. आमच्याकडे मिसरीला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात.

मला काळजी होती ती वडिलांच्या पायाची. आणि खरं सांगायचं तर थोडा जळफळाटही होता. मी सिगारेट सोडली, ती तीन खेपांत. पहिल्या खेपेला नऊ दिवस टिकलो आणि त्या नऊ दिवसांत घरातलं एक माणूस शिल्लक ठेवलं नाही ज्याच्याशी भांडलो नाही. दुसऱ्या खेपेला मेव्हण्याच्या लग्नात "एकच" म्हणून घेतली आणि पहाटेपर्यंत पाकीट संपवलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या दिल्या, त्या दीड वर्ष झालं तरी खिशात असतात. आणि हा सत्तरीचा म्हातारा म्हणे कूस बदलतो आणि सुटतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी फसवलं होतं, म्हणून तेही फसवत असणार, एवढंच माझं गणित होतं.

दर रविवारी हिंगोलीहून शिरड शहापूरजवळच्या आमच्या गावी जायचो. मोटारसायकल उभी केली की पहिलं काम झडती. त्यांची टोपी झटकायची, बंडीचे खिसे चाचपायचे, कडब्याच्या गंजीत हात घालायचा. मग समोर बसून म्हणायचं, "बाबा, तोंड उघडा." ते लहान लेकरासारखं तोंड उघडायचे आणि मी हुंगायचो. मग बोटं हुंगायचो. सिगारेट सुटल्यापासून माझं नाक भलतंच तिखट झालंय. त्यानंतर टॉर्च लावून पायाची जखम बघायची. हे सगळं उरकलं की माय जेवायला वाढायची आणि आम्ही तिघं गोल बसायचो. आम्हा दोघांना ठेचा-भाकर, ती मात्र भाकर दुधात कुस्करायची. विचारलं तर म्हणाली, "पित्त वाढून राह्यलं." ठीक आहे, म्हातारपणी वाढतं.

एका रविवारी दारात पाय टाकला आणि तो आला. जळक्या तंबाखूचा वास. परसाकडून येत होता, ताजा, घशात खवखवणारा. वडील अंगणात बाजेवर पडले होते.

"कोण आलतं घरी?"

"कोणी न्हाई."

"मंग वास कशाचा?"

ते उठून बसले. बोटं हुंगली तर काहीच नाही, तोंडालाही नाही. पण मी ऐकायच्या पलीकडे गेलो होतो. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता. मग मान खाली घालून म्हणाले, "ओढली एक."

मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहवत नाही. पाय गेला तर माझ्या दारात यायचं नाही, असंही म्हणालो. बापाला. ते ऐकून घेत राहिले. माय आतून बाहेर आलीच नाही. जेवणाला न थांबता निघून आलो आणि रस्ताभर मला एका गोष्टीचं समाधान होतं, की माझं नाक खरं ठरलं. याची मला आज लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात नांदेडला तपासणी होती. डॉक्टरांनी जखमेची जागा दाबून पाहिली, पाऊल हातात धरून पाहिलं आणि खूश झाले. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, साहेब, हे चोरून ओढतात, स्वतः कबूल केलंय. ते म्हणाले, "ओढत असते तर ही जखम अशी भरली असती, असं मला वाटत नाही."

परत येताना माझं डोकं चालायला लागलं. कबुली देणारा घाईत असला की मामला वेगळा असतो, हे मी नोकरीत कितीदा पाहिलंय. बाप जेव्हा "आकडा मीच टाकला साहेब" म्हणतो तेव्हा तो बहुतेक पोरानं टाकलेला असतो. वडील कुणाला तरी झाकत होते. आणि घरात माणसं तरी किती?

बुधवारी, भर दुपारी, न कळवता गेलो. गाडी गावाबाहेर बंद केली आणि ढकलत नेली, जशी धाडीला नेतो. वडील समोर लिंबाखाली दिसले. मी मागच्या बाजूनं परसात शिरलो. माय तीन दगडांच्या चुलीपुढे बसली होती. चुलीवर जुना तवा, तव्यावर तंबाखूची पानं काळी होत होती आणि माय पळीनं ती हलवत होती. मला पाहून तिनं पदर तव्यावर धरला, जसं काही त्यानं वास झाकणार होता.

आधी ती जवळा बाजार या गावच्या बाजारातून तयार मिसरी घ्यायची. पण नवस बोलली हे तिनंच सगळ्या बायांना सांगितलं होतं, त्यामुळे आता विकत कुठून घेणार? शेतात निंदायला येणाऱ्या बायांना द्यायला म्हणून तंबाखू आणायचा आणि त्यातला थोडा असा चोरून भाजायचा.

"लई करून पाह्यलं रे," ती म्हणाली. "दोन दिस लावली न्हाई तं हात कापतेत. डोकं उठतं. त्यायला कसं काय जमलं, मला न्हाई कळत."

तोवर वडील काठी टेकत आले होते. मी विचारलं, "खोटं काहून बोलले मग?"

"देवाम्होरं बोलली ती. तुला सांगितलं असतं तं तू चार लोकांत तिची झडती घेतली असती. माझी घ्यायची सवय होती तुला."

खरंतर तिथंच थांबायला हवं होतं, पण सवय जात नाही. दुधात कुस्करलेली भाकर आठवली. "माय, ठेचा काहून खात न्हाईस?"

"सांगितलं की, पित्त."

"खरं सांग."

तिनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. "झोंबतंय," ती म्हणाली. "पोळ्यापासून."

खिशातून टॉर्च काढली, तीच, पाय बघायची. ती तोंड उघडेना. वडील म्हणाले, "उघड, मी बी उघडत व्हतो." खालच्या ओठाच्या आत, जिथं तिचं बोट जायचं तिथं, नखाएवढा पांढरा चट्टा होता. मी महिनोन्‌महिने एका तोंडाचा वास घेत होतो आणि हे दुसरं तोंड दर रविवारी माझ्यासमोर बसून दूधभाकर खात होतं. मला रडू आलं. टॉर्च तशीच धरून रडलो.

चट्ट्याचा तुकडा तपासला. डॉक्टर म्हणाले, अजून वाईट काही नाही, पण मिसरी बंद झाली नाही तर होईल. दर महिन्याला दाखवायला या. माझ्या खिशातल्या गोळ्या तिला चालतील का, तेही मी विचारून घेतलं. तवा वडिलांनी विहिरीवर नेऊन घासला. माय म्हणते, आता सोडली.

परवाच्या रविवारी जेवताना तिनं आपल्या हातानं चिमूटभर ठेचा भाकरीवर घेतला आणि घास तोंडात टाकला. आम्ही दोघं चावायचं थांबलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झोंबलं?" वडिलांनी विचारलं.

"मिरची हाय ती. झोंबणारच," ती म्हणाली आणि दुसरा घास मोडला.

आमच्या दोघांचाही विश्वास बसला नाही.