कपाळावरची जाळी

दादाला रेडिएशनच्या शेकासाठी नेलं, त्या पहिल्याच दिवशी मी फाइल भलत्याच माणसाच्या हातात दिली. आपण इथले कर्मचारी नाही, हे त्यानं ती शेवटच्या पानापर्यंत वाचून सांगितलं. वर म्हणाला, "भाऊ, कॅन्सर फुफ्फुसातनं डोक्यात गेलाय. शेकानं दुखणं कमी होईल, बस." दादा ऐकेल म्हणून मी त्या माणसाला बाजूला नेलं.

उल्हासनगर कॅम्प चारमधला हा सिंधी कापडवाला रोज टोपी घालून एकटा यायचा, तासन् तास बसायचा, सगळ्यांची चौकशी करायचा. त्याच्याबरोबर पेशंट काही दिसेना. जडीबुटीचा एजंट असणार, असं मी ठरवून टाकलं.

एकदा घाम पुसायला त्यानं टोपी काढली. कपाळभर जाळीचे वळ होते. मेंदूला शेक देताना चेहऱ्यावर घट्ट मास्क बसवतात, त्याचे. दादालाही उठतात.

"हे जाईपर्यंत बसतो, साईं. बायकोला वाटतं, मी माल बघायला अंबरनाथला जातो."

घरी मी माझ्या बायकोला म्हटलं, "लबाडच निघाला. घरच्यांपासून लपवतो."

ती म्हणाली, "आणि तुम्ही दादांना काय सांगितलंय? दहा शेकांत बरे व्हाल म्हणूनच ना?"