एका पियानोवर दोघी

परवा नातीनं मोबाइलवर एक नवी पाश्चात्त्य रचना लावली. एकाच पियानोवर दोघीजणी वाजवत होत्या, मागे छोटासा वाद्यवृंद. ऐकता ऐकता मी चाळीस वर्षं मागे, परभणीच्या क्लबात जाऊन पोचले.

तिथं निजामाच्या काळातला पियानो होता. गाण्याच्या सरांनी चार व्हायोलिन, बासरी, तबला आणि पियानोवर दोघी अशी रचना बांधली होती. मी हैदराबादेत पियानो शिकलेली, लग्नाला सहाच महिने झालेले. जोडीला कुणी मिळेना, तेव्हा सासूबाईच तयार झाल्या. मी त्यांना आत्या म्हणायची. त्यांचं माहेर जिंतूरकडचं, भजनात पेटी वाजवायच्या.

कार्यक्रमाला ही गर्दी! एका बाकावर आम्ही चिकटून बसलो. आत्यांच्या नऊवारीला कापराचा वास येत होता. वाजवणं सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला त्यांचा डावा हात हवेतच पेटीचा भाता मारायला लागला. लोक हसले. माझी बोटं अडखळली.

"आत्या, हात!" मी कुजबुजले.

"सवय हाय गं त्याला भात्याची. तू वाजीव, थांबू नको."

असं म्हणून त्यांनी तो हात माझ्या पाठीवर ठेवला आणि तिथंच ताल धरला. मग आम्ही शेवटपर्यंत चुकलो नाही. टाळ्या थांबेनात.

पाठीवरचा तो हात थरथरत होता. तेव्हा मला तो ताल वाटला. आज मी त्यांच्या वयाची झाले, म्हणून कळतं, की त्या घाबरल्या होत्या आणि आधाराला त्यांनी मला धरलं होतं.