टाचणीच्या मापातली माया

इंचकाकू कुणालाही भेटली की आधी खांदे बघते, मग चेहरा. "साडेपंधरा," असं स्वतःशी पुटपुटते आणि मग म्हणते, "या, बसा." गल्लीत तिचं खरं नाव कुणालाच आठवत नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान आहे. एक मशीन, एक लांब टेबल आणि टेबलाखाली कातरणांचं पोतं. शर्ट, कोट, शाळेचे गणवेश शिवते.

त्या पोत्यातच एका सकाळी बोटभर मांजरीचं पिल्लू सापडलं. एकटंच. ओरडताना सगळं अंग थरथरायचं आणि आवाज मात्र येईल तर शपथ.

"हे मांजर नाही, टाचणी आहे," काकू म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

टाचणी खायला वाघ, पण अंगाला काही लागेना. सहा महिने उलटले तरी तिला बघून लोक विचारायचे, "अगं बाई, कधी झाली?" डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, रक्त तपासलं. सगळं छान. डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य एकाच जागेवरून सुटायचं.

"बघा, असं आहे, की दोन किलो होऊ द्या. बघा, असं आहे, की मग ऑपरेशन करून टाकू."

घरी येऊन काकूने त्यांची हुबेहूब नक्कल केली, पण हसू काही आलं नाही. मागच्या भिंतीवर एक बोका येऊन बसायला लागला होता. तुटका कान, हा एवढा जबडा आणि बसण्यात असा रुबाब, की काकूच्या नणंदेने त्याला 'साहेब' करून टाकलं होतं. टाचणी माजावर आली तर साहेब थोडाच वजनाच्या काट्याकडे बघणार होता! एवढ्याशा पोटात पिल्लं राहिली तर आईच जायची. आणि घाई करून भूल दिली, आणि ती उतरलीच नाही तर? काळजीपायी काकूने दोनदा उजवी बाही डावीकडे जोडली.

नणंद पार्सल ऑफिसात काउंटरवर होती. घरातही ती काउंटरवरच असायची.

"वहिनी, उगाच रांग अडवू नका. माल काट्यावर आणा, आत्ता आकडा सांगते."

"वन्सं, माल काय म्हणता तिला!"

"बरं, नाजूक माल. काळजीपूर्वक हाताळा. झालं?"

दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकूने टाचणीला कापडी पिशवीत घातलं आणि पार्सल ऑफिस गाठलं. नणंदेने पिशवी काट्यावर ठेवली. पिशवी हलली, आकडा हलला, आणि दोन किलो साठ ग्रॅमवर थांबला.

"साठ पिशवीचे सोडा. दोन किलो भरले, वहिनी! पुढचा नंबर!"

काकूच्या जिवात जीव आला. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन केला, शुक्रवार ठरवला, आणि घरी येऊन, टाचणीने टाके चाटू नयेत म्हणून मऊ सुती अंगरखा बेतायला घेतला. पोटावर चार बंद, शेपटीला जागा. कापायला हात पुढे केला तर कात्री जागेवर नाही. मशीनवर नाही, टेबलावर नाही, उशीखालीही नाही. शेवटी नणंदेची जुनी कात्री मागून वेळ भागवली.

शुक्रवारी दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवीतून टाचणीला काढून वजनकाट्यावर ठेवलं. एक किलो सहाशे.

"चारशे ग्रॅम कुठे गेले?" काकू ओरडलीच.

डॉक्टरांनी पिशवीत हात घातला आणि तळाशी कापडाच्या घडीखालून काकूची लोखंडी कात्री बाहेर काढली. भली मोठी, कोट कापायची.

"बघा, असं आहे," डॉक्टर म्हणाले, "की ऑपरेशनची कात्री तुम्ही घरूनच आणलीत."

काकूला तो विनोद झेपेना. ती बाकावर बसली. "म्हणजे आता परत? पुन्हा वाट बघायची? तो साहेब भिंतीवर मुक्कामाला आहे हो."

डॉक्टरांनी टाचणीचं तोंड अलगद उघडलं. "बघा, असं आहे. दुधाचे दात पडलेत, पक्के सुळे आलेत. हृदय ठणठणीत. ही पिल्लू नाही राहिली. हिची ठेवणच बारीक आहे."

काकूच्या डोळ्यांसमोर शाळेतल्या बाई आल्या. जेमतेम तिच्या खांद्याला लागणाऱ्या. पहिल्यांदा त्यांचा कोट शिवताना काकूने उंची बघून बारा वर्षांच्या मुलीचा कागदी नमुना लावला होता. लांबी बरोबर आली आणि बटणं काही लागेनात. बाई आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "काकू, मी लहान नाही. माझं माप लहान आहे." अख्खा कोट उसवावा लागला होता.

"डॉक्टर," काकूने विचारलं, "ते दोन किलो सांगितलेत, त्यात तुम्ही माया धरली होती का?"

"माया?"

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो ना आम्ही, ती. घोटाळा झाला तर उसवून सैल करायला जागा."

डॉक्टर पहिल्यांदाच 'बघा' विसरले. "हो. लोक घरी वजन करतात, काहीतरी गडबड होतेच. म्हणून चारशे-पाचशे ग्रॅम वर सांगतो."

"मग माझी कात्री तुमच्या मायेतच गेली की!"

"गेली खरी. भुलीचा डोस मी आजच्या वजनाने काढीन. आज करू, की थांबायचं? तुम्ही सांगा."

काकूने टाचणीच्या पाठीवरून हात फिरवला. हाडं बारीक, पण शिवण पक्की.

"करा," ती म्हणाली.

मग तासभर तिने टेपने बाक मोजला, दार मोजलं, खिडकी दोनदा मोजली. नणंदेचे तीन फोन आले. "पोचलं का? पोचपावती आली का?" तिसऱ्या फोनला मात्र तिने "टाचणी कशी आहे?" एवढंच विचारलं.

दार उघडलं. "बघा, असं आहे..." डॉक्टर म्हणाले, आणि पुढचं ऐकायच्या आधीच काकू रडायला लागली, कारण त्यांच्या हातातल्या दुलईत टाचणी जीभ बाहेर काढून, डोळे तिरळे करून, बिनआवाजाचं म्याव करत होती.

सगळ्यात आधी काकूने टाके बघितले. नाक जवळ नेऊन, चष्मा चढवून.

"टाका बारीक आहे. अंतर सारखं. हात चांगला आहे तुमचा," तिने निकाल दिला. "साडेसोळा खांदे. कोट लागला तर या."

अंगरखा मात्र सगळीकडून ढगळ झाला. दोन किलोच्या हिशेबाने बेतलेला ना! घरी आल्यावर काकूने टाचणीला मांडीवर घेतलं आणि दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेऊन कच्चा टाका घातला. आतलं कापड कापलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "वाढली तर?"

नणंद भिंतीकडे बघून ओरडली, "साहेब! काउंटर बंद झालाय. उठा!"