बाईच्या जागी उडी

आमच्या घरात माणसापेक्षा मिशीचा मान मोठा होता. बाबा रत्नागिरीच्या खाडीपलीकडे, भाट्याला, लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे. कमरेला कोयता आणि ओठावर ती झुपकेदार मिशी, एवढाच ह्यांचा संसार, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. आई लवकर गेली, त्यामुळे मला गप्प बसवणारं घरात कुणी उरलं नव्हतं. सकाळी कामावर जायच्या आधी बाबा पडवीत आमच्याकडे पाठ करून बसायचे आणि मिशीला खोबरेल लावायचे. घरात फोडणीला तेल नसलं तरी मिशीला असायचं.

आमच्याकडे पुरुष मिशी एकदाच उतरवतो, बाप गेल्यावर, दहाव्याच्या दिवशी. वाडीतल्या कुणाचा ओठ उघडा दिसला की लोक एवढंच विचारत, "कधी गेले?" बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं. हे कुणी कुणाला शिकवत नसे, पण पोराटोरांनाही ते ठाऊक असे.

माझा धाकटा भाऊ बाबांपेक्षा चांगला चढायचा. बाबा पायात दोरीचा फास अडकवून चढत, हा नुसत्या पायांनी. वाऱ्यानं माड हलत असला तरी शेंड्यावर बसून तो खाली माझ्याशी गप्पा मारायचा. माझं लग्न वाडीतच झालं होतं, नवरा गलबतावर खलाशी. त्यामुळे माहेर आणि सासर ह्यांच्यात एक पाणंद तेवढी होती, आणि भावाची खबर मला बाबांच्या आधी लागायची. मुंबईला गिरणीत गेलेला हा पोरगा गिरणी सोडून सिनेमाच्या कंपनीत लागला, हेही मला आधी कळलं. मी ते बाबांना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? त्यांनी सिनेमा पाहिलेला नव्हता.

पुढच्या शिमग्याला तो आला. आगबोट लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. मी खाडी ओलांडून बंदरावर गेले होते. पडावातून तो उतरला. ओठ सपाट होता. क्षणभर मला वाटलं, बाबा गेले आणि मलाच कुणी सांगितलं नाही. खरं तर सकाळी मीच त्यांना पेज वाढून आले होते.

"असा काय बघतंस, बाय?" तो हसून म्हणाला. "कामासाठी काढलीय."

"बाबांसमोर असा जातंस?"

"सांगेन मी त्यांना."

वाटेत खाडी ओलांडायच्या तरीत बसल्यावर त्यानं सगळं सांगितलं. कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कॅमेरा, भाड्याचे दोन घोडे आणि एक मालक. तेव्हा बोलपट नुकते येऊ लागले होते, पण ह्या मालकाला ते परवडणारे नव्हते. तो मारामारीचे मुके चित्रपट काढायचा, महिन्याभरात एक. त्यातली नायिका तलवार खेळायची, बुरुजावरून उड्या टाकायची, धावत्या घोड्यावर बसायची. पण खरी बाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाबरायची. भाऊ तिथे सामान उचलायला लागला होता. एकदा दोर अडकला म्हणून तो ताडावर चढला, आणि मालकानं ते पाहिलं. बारीक कंबर, हलकं अंग. दुसऱ्या दिवशी त्याला केसांचा टोप घालून, साडी नेसवून भिंतीवर चढवलं.

"कॅमेऱ्याकडे तोंड करायचा नाय, एवढाच शिकवलान मालकानं," तो म्हणाला. "पण वळताना अर्धा तोंड दिसतोच. म्हणून मिशी गेली."

"आणि पडलास तर?"

"खाली पेंढा असतो की." बोलताना त्याचे डोळे चमकत होते. त्याला कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्या पायांसाठी वाखाणलं होतं. त्या क्षणी मला त्याचा अभिमानही वाटला आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

बाबा अंगणात होते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, तिच्यासाठी ते अंगण चोपत होते. त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ पोराच्या ओठाकडे बघत राहिले.

"कोन मेला?" त्यांनी विचारलं.

"कोन नाय, बाबा. कामासाठी काढावी लागली. शिनेमात बाईच्या जागी उड्या मारायच्या असतात."

बाबांनी चोपणं खाली ठेवलं. "म्हंजे बापूस जिता असताना त्याचा दहावा करून आलास. मग मेलेल्याच्या घरात कशाला येतंस? मिशी येल तवा ये."

एवढं बोलून ते पुन्हा अंगण चोपायला बसले. मी भांडले. आजवर बाबांशी भांडले नव्हते असं नाही, पण त्या दिवशी मी त्यांना नको ते बोलले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते काही हलले नाहीत. भाऊ चार दिवस माझ्या घरी जेवला. पालखी आमच्या माहेरच्या अंगणात नाचली तेव्हा तो माझ्या पडवीत बसून ढोलांचा आवाज ऐकत होता. जाताना तो पाणंदीत उभा राहून लांबूनच बाबांच्या पाया पडला. बाबांनी ते पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर आमच्या घरात एकच प्रश्न उरला. मिशी कधी येणार? मुंबईहून येणाऱ्या वाडीतल्या माणसांना मी आधी तेच विचारायचे. कुणी म्हणे आलीय थोडी, कुणी म्हणे परवाच बघितलं, साफ आहे. एक चित्रपट संपला की तो वाढवायला लागायचा, आणि दोन बोटं वाढायच्या आत मालकाला पुन्हा बुरुजावर नायिका हवी असायची. दुसरा शिमगा तसाच गेला. बाबांनी पालखी एकट्यानं घेतली. मी त्यांना म्हटलं, तुमची मिशी ओठावर आहे, पण पोर कुठं आहे? ते म्हणाले, "माज्यासमोर आल्यावर बघू." ह्याचा अर्थ ते वाट बघत होते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मला रागापुढे दुसरं काही दिसत नसे.

तिसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर निरोप आला, की बायकी कामं सोडली, आता सिनेमात दरोडेखोर होतो, शिमग्याला मिशी घेऊन येतो. मी तो बाबांना सांगितला.  त्या आठवड्यात त्यांनी घराची कौलं परतून घेतली, जे काम ते एरवी वैशाखात करत.

भाऊ शिमग्याच्या आधीच आला. पडावातून चार खलाशांनी त्याला फळीवर झोपवून उतरवला. मिशी होती, दाट, बाबांसारखीच. कमरेखाली काहीच हलत नव्हतं.

त्याच्याबरोबर कंपनीतला घोडेवाला आला होता, सातारकडचा धिप्पाड गडी. त्यानं पूर्ण वाटेत फळीची एक बाजू सोडली नाही. बाबा अंगणात उभे होते. खलाशी उंबऱ्यापाशी आले, तेव्हा बाबांनी त्यांना थांबवलं. मला वाटलं, आता हा म्हातारा काही बोलला तर मी ह्याचं तोंड आयुष्यात बघणार नाही. पण ते वाकले, पोराला दोन्ही हातांवर घेतलं आणि स्वतः उंबरा ओलांडून आत नेलं. भाऊ त्यांच्या खांद्यावर तोंड घालून लहान मुलासारखा रडला.

घोडेवाल्याला मी चहा दिला. बाबा समोर बसले आणि काय झालं ते त्यांनी विचारलं. त्यानं बिचाऱ्यानं सरळ सांगितलं.

"मामा, ह्यो दरोडेखोर झाला व्हता. शेवटच्या दिवशी बाईची उडी ऱ्हायली. दुसरा कुनी न्हवता. मालक म्हनलं, मिशी काढ. मी बी म्हनलं, काढ की लेका, परत येती. तर म्हनला, न्हाई, शिमग्याला घरला जायाचंय. त्यापरीस ओढनी बांधा तोंडाला. मग डोळ्यांखालनं ओढनी बांधली अन् त्यो बुरुजावर चढला. उडी घ्यायला अन् वारं सुटायला एकच गाठ पडली. ओढनी डोळ्यांवर आली. पेंढा डाव्या अंगाला ऱ्हायला, अन् ह्यो दगडावर."

  मालक कुठे आहे, असं मी विचारलं तर म्हणाला, दवाखान्यात एकदा येऊन गेला, मग शेडला कुलूप. बाबा उठून मागच्या दारी गेले. मी मागून गेले तर ते माडाला कपाळ टेकून उभे होते. मी त्यांना हाक मारली नाही. मला त्यांची दया आली नाही त्या दिवशी, खोटं कशाला बोलू? माझ्या मनात एकच होतं, तुमच्या मिशीनं माझा भाऊ खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पोराचं सगळं करू लागले. अंग पुसणं, कूस बदलणं, मागचं-पुढचं. मी मदतीला गेले तर म्हणत, "तू जेवणाचा बघ." सकाळी दार लोटून घेऊन ते त्याची दाढी करायचे, मिशी कातरायचे आणि तिला खोबरेल लावायचे. दार उघडेपर्यंत पडवीत खोबरेलाचा वास यायचा. भावाची मिशी अशी भरदार झाली की बघायला येणारे लोकही दबकत बोलायचे. आणि बाबांची स्वतःची मात्र वाढून तोंडात येऊ लागली. जेवताना तिला भात लागायचा, ते पुसायचेही नाहीत.

पुढच्या वर्षी रत्नागिरीला तंबूतला सिनेमा आला. त्यात भावाच्या कंपनीचा तो शेवटचा चित्रपट होता. मालकानं शेड बंद केली होती, पण चित्रपट विकला होता. भाऊ मला म्हणाला, "बाय, बघून ये. मालकानं उडी ठेवलान काय ते बघ."

मी नवऱ्याला घेऊन गेले. पेटी-तबला वाजत होता, एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून काय चाललंय ते ओरडून सांगत होता. नायिका बुरुजावर धावत आली, तोंडावर ओढणी बांधलेली. मी त्याला पायांवरून ओळखलं. माडावर टेकवावा तसा त्याचा पाय दगडावर पसरायचा. तिनं उडी घेतली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कुणी पैसे फेकले. आणि पुढच्याच क्षणी ती घोड्यावर होती, ओढणी बाजूला, हसरं तोंड, दौडत निघालेली. मी डोळे झाकायला हात वर केला होता, तो तसाच राहिला. शेजारची बाई मला म्हणाली, "काय गो धीराची बायो." मी हो म्हटलं.

परत आले तर बाबा भावाच्या उशाशी बसले होते. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"पडली काय?" बाबांनी विचारलं.

"नाय. घोड्यावर बसून गेली."

 भावानं विचारलं, "मिशी दिसली काय?"

"नाय दिसली."

"बरा झाला," तो म्हणाला, आणि डोळे मिटून पडला. बाबा उठले आणि त्यांनी त्याच्या पायांवर वाकळ घातली, त्या पायांना थंडी कळत नव्हती तरी.

त्याच पावसाळ्यात बाबा गेले. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. अग्नी चुलतभावानं दिला. सुतकात तेल-वस्तरा काही लावत नाहीत, त्यामुळे भावाची दाढी वाढली आणि मिशी कोरडी पडून विस्कटली. दहाव्याला न्हाव्यानं खाडीवर, अग्नी दिला म्हणून, चुलतभावाची मिशी उतरवली आणि मग न्हावी आमच्या घरी भावाच्या उशाशी आला. मागोमाग भावकीतले म्हातारे. एकुलता एक मुलगा, अंथरुणात असला तरी त्याची मिशी उतरायला हवी. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. ती एकदाची त्या घरातून जाऊ दे, असं मला झालं होतं.

न्हाव्यानं वस्तरा काढला तर भावानं त्याचा हात धरला.

"दाढी कर. मिशी ऱ्हाऊ दे."

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "असा काय करतंस? बापूस होता तवा काढलास, आता ग्येला तर ठेवतंस?"

"ती माझी होती, म्हणून काढली," भाऊ म्हणाला. "ही बाबांनी वाढवलान. ही त्यांची हाय. मी कशी काढू?"

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, बहीण फटकळ आहे, ही त्याला समजावील. मी न्हाव्याला म्हटलं, दाढी करा आणि जा. म्हातारे उठून गेले, आणि वाडीत पुढे जे बोललं गेलं ते सगळं माझ्या कानावर आलं. 

सुतक फिटल्यावर सकाळी मी गेले, दार लोटलं आणि बाबांची खोबरेलाची बाटली घेऊन भावाच्या उशाशी बसले. तेल बोटांवर घेतलं. पण बाबा हे दार बंद करून करायचे, आणि स्वतःचं करायचे ते आमच्याकडे पाठ करून. सुरुवात कुठून करायची, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी तेलाची बोटं तशीच धरून बसले.

"डावीकडून, बाय," भाऊ म्हणाला.