डबा खाली केला काय?

टेकचंदच्या नंबरवरून फोन आला, तो महिन्यातला पहिला रविवार होता. त्यामुळे पलीकडचं काही ऐकायच्या आधीच मी सवयीने बोलून गेलो, "हाव हाव, केला खाली. कालच केला." मग त्याच्या मुलाचा आवाज आला, "गुरुजी... बाबा गेले." सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि संपलं. लहानपणापासूनच्या मित्राच्या मरणाची बातमी मी अशी थाप मारत ऐकली. पाच आठवडे झाले, पण ती थाप अजून मला परत घेता आलेली नाही.

देवरीला हायवेच्या कडेला टेकचंदचं गॅरेज. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी मास्तर झालो, तो मिस्त्री, आणि दोघांनाही मनातून दुसऱ्याची कीव यायची. तो ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडे, बायकोशी पोवारीत आणि माझ्याशी आमच्या झाडीबोलीत. भांडणाचा विषय एकच, लोक गाडीची काळजी घेत नाहीत. निवृत्तीनंतर मी जुनी सात सीटची डिझेल गाडी घेतली, तेव्हापासून त्याने गाडीला पेशंट मानलं आणि मला पेशंटचा बेफिकीर नातेवाईक.

एक दिवस बोनेटमध्ये डोकं घालून तो म्हणाला, "मास्तर, इंजिन बी ढेकर देते. त्या ढेकरीत तेलाची वाफ रायते. थे नळीतून पुन्हा इंजिनाच्याच नाकात जाऊन राहिली. आत सारा चिकटा जमते." उपाय सोपा होता. त्या नळीच्या मध्ये एक डबा बसवायचा, म्हणजे हवा पुढे जाते आणि तेल डब्यात राहतं. असे डबे तयार मिळतात, पण तयार वस्तू घेणं त्याला स्वतःच्या हातांचा अपमान वाटे. तो सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरला. "वहिनी, घट्ट झाकणाचा एक डबा द्या." कुसुमने, म्हणजे माझ्या बायकोने, परत मिळेल या भोळ्या समजुतीने स्टीलचा डबा दिला. त्याने डाख देऊन त्याला दोन नळ्या बसवल्या, आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबली (तीही आमचीच), आणि डबा पट्टीने इंजिनाशेजारी आवळून टाकला. दर्शनी बाजूला कोरलेली अक्षरं चकाकत होती, 'उत्तमदादाकडून चि. कुसुमला सप्रेम भेट.'

पुढच्याच आठवड्यात पोराच्या सोयरिकीसाठी आम्ही तिरोड्याकडे निघालो. पुढच्या सीटवर उत्तमदादा स्वतः, म्हणजे माझे साळे, कुसुमचे भाऊ, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. बोदलकसा जवळ आलं आणि बोनेटखाली फट्ट झालं. उघडून पाहिलं तर तेल मोजायची पट्टी उडून वर आलेली आणि सगळीकडे तेलाची रंगपंचमी. उत्तमदादा वाकून बघायला गेले, सदरा गमावला, आणि समोर स्वतःचं नाव वाचून ताठ उभे राहिले. "माही भेट इथं कायले?" असं त्यांनी विचारलं. मी टेकचंदला फोन लावला. सगळं ऐकून तो हळूच म्हणाला, "डब्याच्या पुढची नळी काढून पाह्य बरं. चिंधी हाय काय अंदर?"

होती. आमच्या भागात नळी क्षणभर उघडी राहिली की कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. म्हणून टेकचंद काम करताना प्रत्येक उघड्या नळीत चिंधी कोंबून ठेवायचा. या वेळी ती काढायची राहिली होती आणि इंजिनाची ढेकर कोंडली होती. "चूक माही हाय," तो म्हणाला, "डब्याची नाई." सोयरीक मात्र जमली. तेलकट हातांनी पोचलेली माणसं कष्टाळू असणार, असं मुलीच्या वडिलांनी धरलं.

तेव्हापासून दर पहिल्या रविवारी त्याचा फोन, "मास्तर, डबा खाली केला काय? भरला न, तर इंजिन थे सारं तेल एका घोटात पिऊन टाकन. मंग किल्ली काढली तरी थांबन नाई." पहिल्या महिन्यात मी तो रिकामा केला. हात दोन दिवस काळे राहिले. पुढच्या महिन्यापासून नुसतं "केला" म्हणू लागलो. पोरांच्या गृहपाठाच्या थापा पकडण्यात उभी नोकरी गेली माझी, आणि स्वतः दोन वर्षं थाप मारत राहिलो. तो अधूनमधून चहाला येई तेव्हा त्याच्या नजरेला नजर देताना जरा जड जायचं, एवढंच.

गेल्या रविवारी, म्हणजे या महिन्याच्या पहिल्या रविवारी, फोन वाजला नाही. मीच उठलो, अंगणात गाडीपाशी गेलो. दोन वर्षांचं तेल... डबा काठोकाठ भरला असणार, आणि त्याने जिवापाड जपलेलं इंजिन माझ्या आळसापायी जाणार, या भीतीने मी बोनेट वर केलं. झाकण उघडलं. तळाशी जेमतेम दोन बोटं काळं तेल होतं.

मी कुसुमला हाक मारून डबा रिकामाच असल्याचं सांगितलं. ती दारातूनच म्हणाली, "मंग? टेकचंदभाऊ तर दर खेपेले खाली करून जात. तुम्ही चहाले दूध आणायले गेले का बोनेट उघडत. मले म्हणत, वहिनी, मास्तरले सांगू नका. त्याले लाज वाटन."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. तरी तो दर महिन्याला विचारायचा, माझं "केला" ऐकून घ्यायचा आणि "शाब्बास" म्हणायचा. मी गाडीला टेकून लहान पोरासारखा रडलो. मग पुन्हा डब्यात पाहिलं. ते दोन बोटं तेल त्याच्या शेवटच्या खेपेनंतरचं होतं, आता त्याच्या हाताने कधीच न निघणारं. ते ओतून टाकायला माझा हात बराच वेळ उचलेना.