वाढीव प्रवेशांची बैठक

तास रंगात आला असताना शिपाईमामा दारात येऊन ओशाळं हसले. "मॅडम, वर बैठकीला खुर्च्या कमी पडतायत. थोड्या नेऊ?" पुढच्या रांगेतली मुलं मुकाट्यानं उठली. त्यांना सवय आहे. कुणी खिडकीत बसलं, कुणी भिंतीला टेकून उभ्यानंच लिहू लागलं.

तास संपवून मीही त्याच बैठकीला गेले. पुढच्या वर्षी दुप्पट विद्यार्थी घ्यायचे ठरत होते. पडद्यावरचा आलेख चढत होता आणि बशीतले काजू उतरत होते. "मुलं बसवायची कुठे?" मी विचारलं. "मॅडम, तुम्ही फार नकारात्मक विचार करता," कुलसचिव म्हणाले.

आपल्या घरांतही आमंत्रण आधी जातं आणि कणीक मागाहून भिजते. पण तिथे घरची माणसं उपाशी राहून पाहुण्यांना वाढतात. इथे यजमानच पंगत अडवून बसलेत.

"अहो, उभ्या का? मामा, मॅडमना खुर्ची आणा!" कुलसचिवांनी फर्मावलं. मामा खाली धावले, पुढचा तास सुरू झालेल्या वर्गातून एक घेऊन आले. मी बसले.

खुर्ची अजून ऊबदार होती.